परतीचा पाठ : व्यायामयंत्रांच्या बायनरी फायलींचे मजकुरात रूपांतर आणि त्याची चिकित्सा

मनगटावरील घड्याळ किंवा सायकलीच्या दांड्यावर बसवलेले छोटे यंत्र धावणाऱ्याच्या अथवा सायकलस्वाराच्या फेरीची जी नोंद ठेवते, ती बहुधा एफआयटी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकारच्या फायलीत असते. ही फाइल माणसाने वाचावी म्हणून लिहिलेली नसते. साध्या मजकूर-संपादकात ती उघडली तर अर्थहीन चिन्हांची रांग तेवढी दिसते. म्हणून तिचे वाचनीय मजकुरात रूपांतर करावे, त्या मजकुरात हवी ती दुरुस्ती करावी आणि त्याची पुन्हा मूळ प्रकारची फाइल बनवावी, असा एक व्यवहार रूढ झाला आहे. त्याकडे आजवर तांत्रिक सोय एवढ्याच दृष्टीने पाहिले गेले. परंतु एक पाठ एका लिपीतून दुसऱ्या लिपीत जातो, तेथे त्याच्यावर कोणाचा तरी हात फिरतो आणि मग तो पहिल्या लिपीत परत येतो, हा प्रकार पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला अपरिचित नाही. परत आलेला पाठ हा गेलेलाच पाठ असतो काय, आणि नसल्यास ते कळावे कसे, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

प्रश्न नुसता कुतूहलाचा नाही. या फायली आता हौशी धावपटूंच्या करमणुकीपुरत्या राहिलेल्या नाहीत. शारीरिक शिक्षण, शरीरक्रियाशास्त्र, क्रीडावैद्यक अशा विषयांच्या प्रबंधांत त्या आधारसामग्री म्हणून येतात. शर्यतींच्या निकालांत पुरावा म्हणून मांडल्या जातात. आपल्याकडे ऐतिहासिक कागदपत्र अस्सल की नक्कल, हे ठरवल्याशिवाय त्यावर विधान करू नये असा दंडक आहे. तोच दंडक या नव्या कागदांना लावण्याचे मात्र आपण विसरतो. आकडे यंत्राने लिहिलेले आहेत एवढ्यावरच आपला विश्वास बसतो.

प्रथम या फायलीची घडण पाहिली पाहिजे. कॅनडातील आल्बर्टा प्रांतात कॉक्रेन येथे असलेल्या डायनास्ट्रीम या कंपनीच्या कामातून हा प्रकार पुढे आला. ही कंपनी २००६ साली गार्मिनने विकत घेतली. डायनास्ट्रीमचे मूळ काम अत्यल्प विजेवर चालणाऱ्या बिनतारी संवेदकांचे होते. छातीवरच्या पट्ट्यातून घड्याळाकडे जाणारा अँट पद्धतीचा एकेक संदेश अवघा ८ बाइटांचा असे. अशा घरात वाढलेल्या लेखनपद्धतीने काटकसर हाच आपला धर्म मानावा, यात नवल नाही. फायलीच्या आरंभी १२ किंवा १४ बाइटांचे शीर्षक असते. त्याचा पहिला बाइट शीर्षकाची स्वतःची लांबी सांगतो, पुढे आवृत्त्यांचे अंक आणि मजकुराची एकूण लांबी येते, आणि नंतर टिंबासह ‘एफआयटी’ ही तीन रोमन अक्षरे येतात. उघड वाचता येण्याजोगे बहुधा तेवढेच. फायलीच्या अखेरीस २ बाइटांचा एक पडताळा-अंक असतो. त्याला सीआरसी म्हणतात. त्याच्याकडे पुढे वळू.

मधल्या भागात दोन जातींचे संदेश असतात. पहिली जात व्याख्येची. ‘यापुढे शून्य क्रमांकाने जो संदेश येईल तो अमुक प्रकारचा समजावा, त्यात इतके रकाने असतील, प्रत्येक रकान्याचा क्रमांक हा, लांबी ही आणि संख्येची जात ही,’ असे व्याख्या-संदेश सांगतो. दुसरी जात प्रत्यक्ष माहितीची. व्याख्या एकदा झाली की माहिती-संदेशात नाव नाही, एकक नाही, विरामचिन्ह नाही. फक्त मूल्ये एकामागून एक. उदाहरणार्थ, वेळेला ४ बाइट, हृदयगतीला १, उंचीला २ आणि अंतराला ४ अशी व्याख्या असेल, तर आरंभीच्या ओळख-बाइटासह एका क्षणाची संपूर्ण नोंद १२ बाइटांत मावते. दर सेकंदाला एक याप्रमाणे तासाभराच्या धावण्याचे ४३,२०० बाइट झाले. हीच नोंद मजकुरात, प्रत्येक मूल्यापुढे त्याचे नाव व एकक देऊन लिहिली, तर एका ओळीला शंभराच्या आसपास अक्षरे लागतात, म्हणजे आठपट जागा. मनगटावरच्या यंत्राची स्मृती आणि विजेरी लक्षात घेता त्याने पहिला मार्ग पत्करला याबद्दल त्याला दोष देता येणार नाही.

वाचकाने येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. व्याख्या-संदेशातही ‘हृदयगती’ हा शब्द नसतो. तेथे असतो फक्त ३ हा अंक, आणि ज्या संदेशात तो आहे त्याचा २० हा क्रमांक. २० म्हणजे क्षणोक्षणीची नोंद आणि तिच्यातला ३ म्हणजे हृदयगती, हे ज्ञान फायलीच्या बाहेर, प्रोफाइल नावाच्या एका कोशात आहे. हा कोश गार्मिन प्रसिद्ध करते आणि त्यात वेळोवेळी भर घालते. तेव्हा रूपांतरित मजकुरात जे शब्द आपण वाचतो ते फायलीचे शब्दच नव्हेत. ते कोशाचे शब्द आहेत. अंक यंत्राचे आणि नावे कोशकाराची, असा हा मिश्र पाठ आहे. रूपांतर म्हणजे केवळ झाकण उघडून आतले दाखविणे होय, अशी जी समजूत असते ती येथेच लटकी पडते.

अंकांचेही पूर्णांशाने तसेच नाही. फायलीत उंची मीटरांत लिहिलेली नसते. उंचीत ५०० मिळवून आलेल्या बेरजेला ५ने गुणावे आणि तो पूर्णांक लिहावा, असा नियम आहे. ५६० मीटर उंची फायलीत ५,३०० होऊन बसते. ५०० मिळविण्याचे कारण समुद्रसपाटीखालच्या जागांनाही ऋणचिन्हावाचून सामावून घ्यावे हे, आणि ५ने गुणण्याचे कारण दशांशचिन्ह टाळून वीस सेंटिमीटरपर्यंतची सूक्ष्मता राखावी हे. वेळेसाठी या पद्धतीचा स्वतःचा एक शक आहे. जागतिक प्रमाणवेळेनुसार ३१ डिसेंबर १९८९च्या आरंभी तो सुरू होतो आणि तेथपासूनचे सेकंद मोजले जातात. युनिक्सच्या १९७०पासून मोजल्या जाणाऱ्या शकाशी त्याचे अंतर ६३,१०,६५,६०० सेकंदांचे आहे. शालिवाहन शकातून इसवी सन काढताना ७८ मिळवण्याची सवय असलेल्या आपल्या अभ्यासकांना हे गणित परके वाटू नये. स्थानासाठी अंश-मिनिटांऐवजी अर्धवर्तुळाचे २ अब्ज १४ कोटींहून अधिक समान भाग करून त्यांची संख्या लिहितात. पुण्याचा १८.५२ हा अक्षांश तेथे २२,०९,५२,२०६ असा दिसेल. असा एक भाग जमिनीवर सुमारे ९ मिलिमीटरांचा भरतो. मजकुरात हे स्थान अंशांत बदलून सहा दशांशस्थळांवर आणले तर अकरा सेंटिमीटरांपर्यंतचे भेद पुसले जातात. अर्थात् उपग्रहांवरून स्थान ठरविणाऱ्या घड्याळाची स्वतःची चूकच काही मीटरांची असल्याने या हानीबद्दल अश्रू ढाळण्याचे कारण नाही. हानी होते आणि ती मोजता येते, एवढेच येथे नोंदवावयाचे आहे.

रूपांतराचे सर्वांत प्रचलित साधन गार्मिनच्याच विकास-संचात मिळते. त्याचे नाव फिट-सीएसव्ही-टूल. ते दोन्ही दिशांनी चालते, बायनरीकडून स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या मजकुराकडे आणि मजकुराकडून पुन्हा बायनरीकडे. त्याची रचना प्रामाणिक आहे हे आधी सांगितले पाहिजे. व्याख्या-संदेश लपवून केवळ सुबक कोष्टक दाखविण्याचा मोह त्याने टाळला आहे. प्रत्येक ओळीच्या आरंभी ती ओळ व्याख्येची की माहितीची हे असते, मग स्थानिक क्रमांक, संदेशाचे नाव, आणि त्यापुढे नाव-मूल्य-एकक अशी त्रिके एकामागून एक चालू राहतात. डोळ्यांना हा मजकूर रुक्ष वाटतो. परंतु मूळ पोथीतली पाने, ओळी आणि समास जसेच्या तसे दाखविणारी प्रत रुक्षच असते. विद्यार्थी ज्या सुंदर कोष्टकांच्या मागे लागतात, त्यांत एका सेकंदाला एक ओळ आणि एका मापनाला एक उभा रकाना असतो. त्यांतून परतीची वाट आधीच बंद झालेली असते.

तरीही या साधनाची परत-फेरी निर्दोष नाही. एकही अक्षर न बदलता फाइल मजकुरात नेली आणि परत आणली, तरी ती बाइटशः जुळेल अशी खात्री देता येत नाही. याची तीन कारणे सांगण्यासारखी आहेत, आणि तिन्हींचे वजन सारखे नाही.

सर्वांत हलके कारण असे. काही यंत्रे जागा वाचविण्यासाठी प्रत्येक नोंदीत पूर्ण वेळ न लिहिता मागील वेळेपासूनचे थोडे सेकंद ओळख-बाइटाच्याच पाच बिटांत कोंबतात. वाचताना साधन ही वेळ सोडवून पूर्ण करते, आणि परत लिहिताना ती पूर्णच लिहिली जाते. संक्षेप मोडून शब्द पूर्ण लिहिणाऱ्या लेखनिकाने अर्थ बिघडवला असे कोणी म्हणणार नाही. दुसरे कारण थोडे जड आहे. कोशात काही रकाने असे आहेत की ते वाचताच त्यांच्यापासून दुसरे रकाने निर्माण होतात. जुन्या दोन बाइटांच्या वेगापासून चार बाइटांचा ‘वर्धित’ वेग निघतो, उंचीचेही तसेच. मजकुरात दोन्ही येतात, आणि काळजी घेतली नाही तर परतीच्या फायलीतही दोन्ही जातात. येथे टीकाकाराची समासातली टीप मूळ संहितेत शिरली. आपल्या पोथ्यांत प्रक्षेप झाले ते पुष्कळदा असेच, कोणाच्याही दुष्ट हेतूवाचून.

तिसरे कारण मात्र गंभीर आहे. कोशात सगळे क्रमांक प्रसिद्ध केलेले नाहीत. यंत्रे बनविणाऱ्या कंपन्या, आणि त्यांत खुद्द गार्मिनही येते, आपल्या फायलींत असे अनेक संदेश लिहितात की ज्यांचा अर्थ बाहेर कोणास ठाऊक नसतो. साधन त्यांना भेटले की नावाच्या जागी ‘अननोन’, म्हणजे अज्ञात, एवढाच शब्द लिहिते. मूल्य दिसते, पण ज्या क्रमांकावरून ते ओळखता आले असते तो क्रमांक मजकुरात उतरत नाही. जो क्रमांक गेलाच नाही तो परतीच्या वेळी आणणार कोठून? चार वेगवेगळ्या अज्ञातांचे एकच अज्ञात झाले, आणि परतीच्या फायलीत तेही उरले नाही. मोडीशी ज्यांचा परिचय आहे त्यांना हा प्रकार लगेच समजेल. मोडीत इकार-उकाराचा ह्रस्वदीर्घ भेद पाळला जात नाही. ‘दिन’ आणि ‘दीन’ तेथे एकाच रूपात येतात, आणि देवनागरीत उतरविणारा संदर्भावरून निवड करतो. तेथे निदान संदर्भ असतो आणि मूळ कागद दप्तरात शिल्लक असतो. येथे साधन निवड करीत नाही, ते सरळ सोडून देते. आणि वापरणारा बहुतेकदा जुनी फाइल पुसून तिच्या जागी नवी ठेवतो.

लिहिणाऱ्याला जे कळत नाही ते त्याने तसेच उतरवावे, गाळू नये, हा नक्कलकाराचा पहिला नियम आहे. ‘अज्ञात’ या शब्दाशेजारी दोन अंक लिहिले असते तर तो पाळला गेला असता. एवढ्या विचारी साधनात एवढी उणीव राहावी याचे आश्चर्य वाटते.

आता प्रत्यक्ष संपादनाकडे वळू. मजकूर बदलावा लागतो तो फसवणुकीसाठीच, असे मानणे अन्यायाचे होईल. उपग्रहांच्या मार्गदर्शन-पद्धतीत आठवड्यांची मोजणी १,०२४पर्यंत जाऊन शून्यावर येते. ६ एप्रिल २०१९च्या मध्यरात्री ती तशी आली तेव्हा जी जुनी ग्राहकयंत्रे यासाठी सज्ज नव्हती त्यांना आपण १९९९च्या ऑगस्टात आहोत असा भास झाला. अशा यंत्राची नोंद सुधारायची तर प्रत्येक वेळेत ६१,९३,१५,२०० सेकंद मिळवावे लागतात, कमी नाही, जास्त नाही. ही दुरुस्ती पूर्णतः सकारण आहे आणि मजकुरात ती करणे सोपे आहे. पण सोपी वाटते तितकी ती एकाच जागी नाही. क्षणोक्षणीच्या नोंदीतील वेळ हा एक रकाना झाला. याखेरीज फाइल केव्हा निर्माण झाली ती वेळ, फेरीची आरंभवेळ, प्रत्येक टप्प्याची आरंभवेळ, स्थानिक वेळ, असे रकाने निरनिराळ्या संदेशांत विखुरलेले असतात. संपादकाने उभा रकाना पाहिला, बेरीज केली आणि तो थांबला, तर धावणे २०१९ साली आणि त्याचा गोषवारा १९९९ साली अशी फाइल तयार होते.

घराच्या पत्त्याची गोष्ट याहून नाजूक आहे. आपल्या फेरीची फाइल दुसऱ्याला देताना पुष्कळजण पहिल्या दोनशे मीटरांच्या ओळी काढून टाकतात. घर कोणाला दिसू नये हा हेतू योग्य आहे. एकट्या धावणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीत तर तो अत्यावश्यकच म्हटला पाहिजे. ओळी गेल्या, नकाशावर रेघ कोपऱ्यावरून सुरू झालेली दिसली, मन निर्धास्त झाले. पण फायलीच्या अखेरीकडे फेरीचा जो गोषवारा असतो त्यात आरंभस्थानाचे अक्षांश व रेखांश स्वतंत्र रकान्यांत लिहिलेले असतात. टप्प्यांच्या गोषवाऱ्यातही ते असतात. ओळी काढणाऱ्याचा हात तेथवर पोहोचलेला नसतो. नऊ मिलिमीटरांच्या मापाने लिहिलेला घराचा उंबरठा फायलीत तसाच असतो. ज्या मजकुरात एकच गोष्ट अनेक ठिकाणी सांगितलेली आहे त्याचे संपादन एका ठिकाणी करता येत नाही. पोथीत कथानायकाचे नाव बदलणाऱ्याला फलश्रुतीही पाहावी लागते, तसेच हे आहे.

हृदयगतीच्या बाबतीतही हेच घडते. छातीचा पट्टा कोरडा असता क्षणभर २२०चा आकडा येतो. विद्यार्थी त्या तीन ओळी दुरुस्त करतो. गोषवाऱ्यातील कमाल हृदयगती २२०च राहते, आणि परीक्षक नेमका गोषवारा वाचतो.

येथे रिकामे आणि शून्य यांच्या भेदाबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे अवश्य आहे, कारण या क्षेत्रातील प्रबंधांत होणाऱ्या चुकांची एक खाण तेथे आहे. एफआयटी पद्धतीत प्रत्येक संख्याजातीला ‘मोजमाप नाही’ असे सांगणारे एक राखीव मूल्य असते. एका बाइटाच्या हृदयगतीला ते २५५ आहे, दोन बाइटांच्या शक्तीला ६५,५३५. पायंडल थांबवून उतारावरून जाणाऱ्या सायकलस्वाराची शक्ती शून्य असते, आणि ते शून्य हे खरे मोजमाप आहे. शक्तिमापकाशी संपर्क तुटला असता मात्र ६५,५३५ लिहिले जाते, आणि ते मोजमापच नव्हे. फिट-सीएसव्ही-टूल हे राखीव मूल्य ओळखते आणि मजकुरात तो रकाना सामान्यतः देतच नाही. हे योग्यच आहे. परंतु हा मजकूर कोष्टकाच्या प्रणालीत उघडला, रिकामे चौकोन डोळ्यांना खुपले आणि एखाद्याने ते एका आज्ञेसरशी शून्यांनी भरले, की मौन आणि नकार यांतला भेद नाहीसा झाला. सरासरी शक्ती घटली. परतीच्या फायलीत ही शून्ये खऱ्या शून्यांच्या शेजारी बसली, आणि तेथून पुढे त्यांना वेगळे काढण्याचा उपाय राहिला नाही. उलट, स्वतः लिहिलेल्या कच्च्या आज्ञावलीने बायनरी वाचणारा विद्यार्थी २५५ हीच हृदयगती समजून सरासरीत धरतो. पहिली चूक दुसरीहून अधिक घातक आहे, कारण २५५ पाहून निदान कोणी तरी दचकते.

मजकुरात येणारी मोकळीक फसवी असते याचे आणखी एक उदाहरण उंचीचेच. मजकुरात ५६०ऐवजी ५६०.१३ असे लिहिण्यास कोणी अटकाव करीत नाही. पण बायनरीत ते मावत नाही. तेथे ५,३०० आहे आणि त्यानंतर एकदम ५,३०१, म्हणजे ५६०.२. परतीच्या फेरीत आपला .१३ मुकाट्याने शेजारच्या पायरीवर सरकतो. संपादकाला वाटते आपण लिहिले ते राहिले.

हे सर्व झाले अजाणतेपणाचे. आता जाणूनबुजून केलेल्या बदलाचा विचार करताना तो अखेरचा पडताळा-अंक आठवावा. पुष्कळांची अशी समजूत दिसते की सीआरसी ही फायलीवरची मोहोर आहे आणि फायलीत फेरफार झाल्यास ती फुटते. ही समजूत चुकीची आहे. सीआरसी हा सर्व बाइटांवरून जाहीर रीतीने काढलेला १६ बिटांचा अंक आहे. तारेतून किंवा बिनतारी मार्गाने जाताना एखादा बाइट बिघडला तर तो ते सांगतो. मजकुरातून नवी फाइल बनते तेव्हा साधन हा अंक नव्याने काढून लिहिते, आणि फाइल पूर्ववत् निर्दोष ठरते. त्यात गुप्त किल्ली नाही, सही नाही. पत्र वाटेत भिजले की नाही हे कळण्याची ती सोय आहे. पत्र कोणी लिहिले हे तिच्यावरून कळत नाही. झ्विफ्ट या आभासी सायकल-शर्यतींच्या व्यवस्थेत २०२० साली असे निर्णय प्रसिद्ध झाले, की आपल्या शक्तीच्या खरेपणाचा पुरावा म्हणून काही स्पर्धकांनी पाठविलेल्या दुय्यम नोंदीच्या फायली बदललेल्या होत्या. पुरावा म्हणून फाइल मागणे आणि ती फाइल साध्या मजकुरासारखी बदलता येणे, या दोहोंतील विसंगती तेथे चव्हाट्यावर आली.

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो क्षुल्लक नाही. फेरफाराचे इतके भय असेल तर ही रूपांतरे बंदच का करू नयेत? फायलींवर उत्पादकाची गुप्त मोहोर असावी आणि वाचन केवळ त्याच्याच प्रणालीने व्हावे, असे का म्हणू नये? आमचे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे. ज्याच्या छातीचे ठोके मोजले त्याला ते वाचता आले पाहिजेत. कंपनी बंद पडली, तिची प्रणाली जुन्या संगणकासह गेली, की कुलूप लावलेली फाइल ही मृत लिपीतील शिलालेख होते, आणि तिचा कोशही गेलेला असतो. मजकुरात उतरविण्याची सोय हेच या नोंदींचे दीर्घायुष्य आहे. जीपीएक्स हा २००२ साली सिद्ध झालेला प्रकार जन्मतःच मजकूर आहे, गार्मिनचा टीसीएक्सही तसाच आहे. पण पहिल्याला हृदयगतीसाठी स्वतःचा रकाना नाही, ती पुरवणी म्हणून जोडावी लागते, आणि दुसऱ्यात एफआयटीमधील पुष्कळ संदेशांना जागाच नाही. वाचनीयता मिळवावी तर आशय गमवावा, असा तेथे सौदा आहे. त्या मानाने सगळे रकाने उतरवू पाहणारा हा रुक्ष मजकूर कितीतरी श्रेयस्कर होय.

उणीव आहे ती दुसरीकडे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सुरू केलेली आणि १९६६ साली पूर्ण झालेली महाभारताची चिकित्सित आवृत्ती ज्यांनी हाताळली आहे, त्यांना छापील ओळीखालची ती नागमोडी रेघ आठवत असेल. पाठ निश्चित नाही असे संपादकाला वाटले की तेथे ती रेघ येते. पानाच्या खालच्या भागात इतर पोथ्यांचे पाठभेद असतात. संपादकाचा हात कोठे लागला आणि कोठे त्याला शंका होती, हे वाचकाला पदोपदी दिसते. आपण ज्या मजकुराची चर्चा करीत आहोत त्यात नागमोडी रेघेला जागा नाही. ‘ही ओळ बदलली, पूर्वी येथे २२० होते,’ हे लिहावयाचे कोठे? त्यासाठी रकाना नाही. नवीन रकाना जोडला तर परतीच्या वेळी तो ओळखलाच जाणार नाही. दुसऱ्या आवृत्तीत या पद्धतीने विकासकांसाठी खास रकाने आणले. त्यांचे नाव, एकक व जात यांचे वर्णन फायलीच्या आतच असते, म्हणजे पोथीबरोबर तिचा शब्दार्थही बांधलेला असतो. त्याचा उपयोग पाठटीपांसाठी करता येण्याजोगा आहे. तसा तो रूढ झालेला मात्र दिसत नाही.

प्रस्तुत लेखकाने आपल्या सकाळच्या एका फेरीची फाइल काही न बदलता मजकुरात नेली आणि परत आणली. परतीची फाइल उघडली, नकाशा तोच, वेळ तीच, अंतर तेच; बाइटांची संख्या मात्र निराळी. हा प्रयोग करावयास पाच मिनिटे लागतात. जो विद्यार्थी अशा फायलींवर प्रबंध लिहीत असेल त्याने संपादनाला हात घालण्यापूर्वी तो आपल्या प्रत्येक यंत्राच्या फायलीवर करावा, आणि रिकाम्या हाताने गेलेला पाठ काय गमावून आला, काय घेऊन आला, याची यादी प्रबंधास जोडावी. मूळ फाइल तशीच जपून ठेवणे हे तर सांगावयासच नको. आणि बदल केलेल्या ओळींचे टिपण वेगळ्या कागदावर, तारीखवार असावे.

शेवटी एका लहानशा रकान्याकडे लक्ष वेधावेसे वाटते. प्रत्येक एफआयटी फायलीच्या पहिल्याच संदेशात तिच्या कर्त्याचा क्रमांक असतो, आणि बहुधा यंत्राचा अनुक्रमांकही. गार्मिनचा क्रमांक १ आहे. मजकुरात शंभर ओळी बदलल्या, दहा गाळल्या, चार नव्या घातल्या, तरी परतीच्या फायलीत तो १ आणि तो अनुक्रमांक जसेच्या तसे राहतात. म्हणजे संपादिलेली प्रत आपण घड्याळानेच लिहिलेली आहोत असे सांगत राहते. कोशात २५५ हा कर्तृक्रमांक विकासाच्या व चाचणीच्या कामासाठी राखून ठेवलेला आहे. संपादकाने १च्या जागी २५५ घालावयाचे ठरवले, तर त्यासाठी मजकुरात एका ओळीतील एक अंक तेवढा बदलावा लागतो.